बंदुकीला शत्रू हवा होता

‘बायोशॉक इन्फिनिट’ हा भित्रा गेम आहे. मार्च 2013मध्ये तो बाजारात आला तेव्हा परीक्षकांनी त्याच्यावर पैकीच्या पैकी गुणांची खैरात केली. मेटाक्रिटिकवरची त्याची सरासरी शंभरात 94च्या घरात गेली. व्हिडिओ गेम आता प्रौढ झाला, वंशद्वेष, धर्म आणि राष्ट्रवाद यांवर बोलू लागला, अशी द्वाही फिरवली गेली. मी म्हणतो, तो बोललाच नाही. हे सगळे विषय त्याने दर्शनी भिंतीवर टांगले, आणि बोलायची वेळ आली तेव्हा ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यावरच बंदूक रोखली. एवढी वर्षं उलटली तरी ‘कथेसाठी खेळावेत असे शूटर’ म्हणून याद्या निघतात, तेव्हा त्यांत तो मानाने मिरवतो. म्हणून त्याचा हिशेब आजही मांडायला हवा.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साल 1912. कोलंबिया नावाचं शहर ढगांत तरंगतं आहे. शिकागोच्या 1893च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेने ते मोठ्या अभिमानाने आकाशात सोडलं होतं, पण पुढे ते देशातूनच फुटून निघालं. झॅकरी कॉमस्टॉक नावाचा स्वयंघोषित प्रेषित तिथे राज्य करतो. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, जेफरसन यांच्या मूर्तींपुढे लोक गुडघे टेकतात, आणि लिंकनचा खून करणाऱ्या बूथला पूजणारा एक पंथही तिथे नांदतो. आपण असतो बुकर डेविट, कर्जात बुडालेला, एकेकाळी पिंकर्टन एजन्सीसाठी संप मोडणारा माजी सैनिक. मनोऱ्यात कोंडलेल्या एलिझाबेथ नावाच्या मुलीला पळवून आणलं की त्याचं कर्ज फिटणार आहे. ही मुलगी एका विश्वातून दुसऱ्या विश्वात जाणाऱ्या फटी उघडू शकते.

या गेममध्ये जे उत्तम आहे ते उत्तमच आहे. पहिला जवळजवळ तासभर एक गोळी सुटत नाही. उन्हात न्हालेले रस्ते, तरंगत्या नावेवर गाणारे चौघे, जत्रा, पताका, हसरी गोरी कुटुंबं, आणि या सगळ्याच्या तळाशी काहीतरी कुजलंय याची हळूहळू येणारी जाणीव. एलिझाबेथचे डोळे, तिची चाल, खोलीत शिरल्यावर वस्तूंकडे बघण्याची तिची तऱ्हा यांवर इर्रॅशनल गेम्सच्या कलावंतांनी जीव ओतला आहे. स्कायलाइनच्या रुळांना हुकाने लटकून भन्नाट वेगाने जाणं हा शरीराला कळणारा आनंद आहे. त्या कारागिरांचं श्रेय मी कणभरही कमी करत नाही. माझं भांडण आहे ते केन लेव्हीन यांच्या कथेशी, आणि ती न तपासता डोक्यावर घेणाऱ्या परीक्षकांशी.

जत्रेत एक सोडत निघते. आपल्या हाती 77 क्रमांकाचा चेंडू येतो. पडदा सरकतो तेव्हा समोर एक गोरा पुरुष आणि एक काळी स्त्री बांधलेली दिसतात. एकमेकांवर प्रेम केलं हा त्यांचा गुन्हा. पहिला चेंडू फेकायचा मान आपला. त्या जोडप्यावर फेका, सूत्रसंचालकावर फेका किंवा फेकूच नका. काहीही ठरवलं तरी चेंडू सुटायच्या आत पोलीस मनगट धरतात, हातावरची खूण ओळखतात, आणि पुढच्याच क्षणी बुकर लोखंडी हुक एका पोलिसाच्या चेहऱ्यात घुसवतो. तिथून गेम संपेपर्यंत शेकडो माणसं मारायची. त्या जोडप्याचं पुढे काय झालं, याची कथेला फारशी फिकीर नाही. आपण योग्य वागलो असलो तर ते पुढे कुठेतरी भेटतात, आभार मानतात आणि एखादी उपयोगी वस्तू हातावर ठेवतात. वंशद्वेषाचा विषय उघडला, खेळाडूला दचकवलं, बक्षीस दिलं, पुढे चला!

याचं समर्थन करणारे लगेच म्हणतात की निवड निरर्थक असणं हाच तर या गेमचा आशय आहे: विश्वं अनंत असली तरी काही गोष्टी अटळच राहतात. हे समर्थन मी साफ नाकारतो. खेळाडूच्या कृतीला अर्थ द्यायचे कष्ट घ्यायचे नाहीत आणि वर त्या आळसाला तत्त्वज्ञान म्हणायचं, ही पळवाट आहे. याच लेव्हीन यांनी 2007 साली पहिल्या ‘बायोशॉक’मध्ये निवडीच्या भ्रमाचा प्रश्न किती प्रामाणिकपणे हाताळला होता! रॅप्चर या समुद्रतळाच्या शहरात आपण रेडिओवरून बोलणाऱ्या अ‍ॅटलसच्या सूचना मुकाट पाळत जातो, कारण शूटरमध्ये खेळाडू तेच करत असतो. मग त्या शहराचा संस्थापक अँड्र्यू रायन आपल्याला समोर उभं करून दाखवतो की ते पाळणंच आपल्यावर लादलेलं होतं. त्या क्षणी माऊस आपल्या हातात असूनही आपला राहत नाही. तिथे कथेने शूटरच्या स्वभावावरच बोट ठेवलं. ‘इन्फिनिट’ने ते बोट दुमडून घेतलं.

एलिझाबेथचंच बघा. बुकर पहिल्यांदा तिच्यासमोर माणसं मारतो तेव्हा ती किंचाळून पळून जाते, त्याला खुनी म्हणते. हा क्षण खरा आहे, आणि मला वाटलं की आता हा गेम बंदुकीबद्दल काहीतरी म्हणणार. पण ती परत येते, थोडी कुरकुर करते, आणि थोड्याच वेळात चकमकीच्या ऐन मध्यात ‘बुकर, घे!’ म्हणत काडतुसं फेकू लागते. पुढचा सगळा गेम ती आपली दारूगोळ्याची पुरवठादार असते. गोळ्यांच्या पावसात तिला खरचटतही नाही. तिची काळजी करायची गरज नाही, असं गेमच आपल्याला सांगतो. ज्या मुलीच्या नजरेतून या हिंसेचा न्याय व्हायला हवा होता, तिला हिंसेच्या सोयीसाठी राबवलं. तिचा धक्का कथेला शोभेपुरता हवा होता; खेळाच्या आड तो आला असता म्हणून मिटवून टाकला.

आता मुख्य आरोपाकडे येतो.

कोलंबियाच्या पोटात फिंक्टन आहे. जेरेमाया फिंक या कारखानदाराची वसाहत. तिथे काळे, आयरिश, चिनी कामगार राबतात. कामाचा लिलाव होतो: एक म्हणतो, मी इतक्या मिनिटांत करतो, दुसरा त्याहून कमी मिनिटं सांगतो, आणि जो स्वतःला सर्वांत स्वस्त विकेल त्याला काम मिळतं. खाली झोपडपट्टी आहे, उपाशी पोरं आहेत. या माणसांची संघटना म्हणजे व्हॉक्स पॉप्युली. तिची नेता डेझी फिट्झरॉय ही काळी स्त्री. एकेकाळी ती कॉमस्टॉकच्या घरी मोलकरीण होती, आणि मालकिणीच्या खुनाचा खोटा आळ तिच्यावर घालण्यात आला. शूटरच्या इतिहासात असं पात्र केंद्राजवळ क्वचितच आलं होतं. तिच्याबद्दल मला सगळं जाणून घ्यायचं होतं.

गेमने तिचं काय केलं? बुकरला विमान हवं आहे आणि डेझीला शस्त्रं, म्हणून सौदा ठरतो. शस्त्रं बनवणारा चेन लिन मेलेला निघतो. एलिझाबेथ फट उघडून, तो जिवंत असलेल्या विश्वात आपल्याला नेते. तिथे त्याची हत्यारं जप्त झालेली असतात, म्हणून आणखी एक फट, आणखी एक विश्व. या तिसऱ्या विश्वात व्हॉक्सकडे शस्त्रं आहेत, क्रांती पेटली आहे, आणि बुकर तिच्यासाठी हुतात्मा झालेला आहे. आपण जिवंत दिसताच डेझी म्हणते, हा तोतया आहे, मारून टाका. पुढे ती फिंकला ठार करते, त्याचं रक्त स्वतःच्या चेहऱ्याला फासते आणि एका लहान मुलाच्या डोक्याला पिस्तूल लावते. एलिझाबेथ मागून येऊन तिच्या पाठीत कात्री खुपसते. डेझी संपली. एलिझाबेथ मग केस कापते, कपडे बदलते. ती आता मोठी झाली, हे आपल्याला कळावं म्हणून. आणि बुकर, म्हणजे कथेचा आवाज, आपल्याला ऐकवतो की कॉमस्टॉक काय अन् फिट्झरॉय काय, फरक फक्त नावाचा.

हे खोटं आहे. कॉमस्टॉकने वंशश्रेष्ठत्वावर अख्खं शहर उभारलं, माणसांना माणूसपण नाकारलं, लहान मुलीला आयुष्यभर कोंडलं. डेझी त्या शहराच्या तळघरातून वर आली. या दोघांना एका तागडीत तोलायचं तर त्यासाठी पुरावा हवा, आणि पुरावा द्यायला गेमकडे एकही प्रामाणिक प्रसंग नाही. म्हणून त्याने तिच्या हाती एक लहान मूल दिलं.

‘पण क्रांत्या खरोखर रक्तपिपासू होतात ना?’ होतात. इतिहासात त्याचे दाखले आहेत, आणि कोणती चळवळ कशी बिघडली हे दाखवणाऱ्या कथेचं मी उभं राहून स्वागत करीन. पण बिघडणं ही एक प्रक्रिया असते. कोण कुणाशी भांडलं, कुठला निर्णय भीतीपोटी झाला, शस्त्रं आल्यावर संघटनेत काय बदललं, हे दाखवावं लागतं. ‘इन्फिनिट’ ती सगळी प्रक्रियाच ओलांडून जातो. फटीच्या या बाजूला शोषित कामगार, त्या बाजूला रक्ताने माखलेले क्रूर दंगेखोर. मधलं काहीच नाही. अनंत विश्वांची ती कल्पना इथे एकाच कामासाठी वापरली आहे: कारण न देता परिणाम उभा करायला.

हे का केलं? माझं उत्तर सरळ आहे. गेम निम्म्यावर आला होता आणि बंदुकीला नवा शत्रू हवा होता. कॉमस्टॉकचे पोलीस आणि शिपाई मारून झाले होते. शूटर पुढे चालायचा तर वेगळ्या रंगाच्या कपड्यांतली माणसं समोरून यायला हवीत. व्हॉक्स जिंकत होते, त्यांचा लाल रंग लांबूनही नजरेत भरतो. मग त्यांनाच शत्रू करायचं ठरलं, आणि त्यासाठी त्यांच्या नेत्याला राक्षसीण करावं लागलं. या कथेतलं राजकारण बंदुकीच्या गरजेने ठरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं म्हणतात ते हेच.

आणि शेवटची लढाई आठवा. कॉमस्टॉक मेलेला आहे. त्याच्या प्रचंड विमानावर हल्ला करायला कोण येतं? व्हॉक्स पॉप्युली. त्यांना कोण पिटाळतं? आपण, आणि आपल्या हुकमावर उडणारा साँगबर्ड, एलिझाबेथला जन्मभर कैदेत ठेवणारा तोच यांत्रिक पक्षी. तुरुंगाच्या पहारेकऱ्याला हाताशी धरून कामगारांची विमानं पाडायची, ही या गेमची अखेरची लढाई आहे. ती संपली की दीपगृहांचे अनंत दरवाजे उघडतात, बुकर हाच एका विश्वात बाप्तिस्मा घेऊन कॉमस्टॉक झाला हे कळतं, एलिझाबेथ ही त्याने विकलेली मुलगी असल्याचं कळतं, आणि परीक्षक भारावून जातात. फिंक्टनमधली माणसं तोपर्यंत कथेतून पुसली गेली आहेत. एका गोऱ्या माणसाचा अपराधगंड फिटावा म्हणून अख्खं शहर उभं केलं होतं, आणि त्याचं काम झाल्यावर ते टाकून दिलं.

2014 साली आलेल्या ‘बरियल अ‍ॅट सी’ या ‘इन्फिनिट’च्या पुरवणीच्या दुसऱ्या भागात डेझीच्या प्रसंगाची डागडुजी झाली. तिथे कळतं की त्या मुलाला मारायचा तिचा इरादाच नव्हता. लुटेस या शास्त्रज्ञ जोडगोळीने तिला पटवलं होतं की एलिझाबेथच्या हातून तू मेलीस तरच ती मुलगी प्रौढ होईल. काही चाहते याला दुरुस्ती म्हणतात. मला तो दुसरा अपमान वाटतो. आधी काळ्या क्रांतिकारक स्त्रीला खलनायिका केलं. मग सांगितलं की नाही, ती एका गोऱ्या मुलीच्या वाढीसाठी आपणहून बळी गेली. दोन्ही वेळा तिचं मरण तिचं नव्हतंच.

वुंडेड नीचा वापर तर याहून संतापजनक आहे. 29 डिसेंबर 1890 रोजी दक्षिण डकोटात अमेरिकेच्या सातव्या घोडदळाने लाकोटांच्या तळाला वेढा घातला, आणि नि:शस्त्रीकरण चालू असतानाच गोळीबार सुरू झाला. कमीत कमी दीडशे, काही अंदाजांनुसार तीनशे लाकोटा मेले. त्यांत बायका-मुलं मोठ्या संख्येने होती. त्या दिवसाबद्दल सैनिकांना शौर्यपदकं दिली गेली. ही कुणा लेखकाने रचलेली घटना नव्हे. त्या लोकांचे वंशज आज हयात आहेत. गेममध्ये बुकर त्या कत्तलीत सामील होता, आणि त्याचं पाप मोठं वाटावं म्हणून ती घटना आणली आहे. पण लाकोटा माणूस म्हणून आपल्यासमोर कुणी उभाच राहत नाही. दिसतात ते प्रदर्शनातले विद्रूप पुतळे. त्या दालनात स्लेट नावाचा जुना सैनिक तक्रार करतो की कॉमस्टॉक तिथे लढलाच नव्हता, आमचं श्रेय त्याने चोरलं. म्हणजे वाद कत्तल कुणाच्या नावावर जमा व्हावी याचा! आणि आपण त्या पुतळ्यांच्या आडोशाला उभे राहून स्लेटच्या माणसांवर नेम धरत असतो. हत्याकांडाच्या देखाव्यात नेमबाजीचा खेळ मांडणाऱ्याला मी इतिहासाची जाण असलेला कथाकार म्हणणार नाही.

‘अहो, शूटर आहे, गोळ्या झाडणारच,’ हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाही. गोळ्या झाडायच्या आणि अर्थही सांभाळायचा, हे इतरांनी करून दाखवलं आहे. ‘फार क्राय 2’ हा 2008चा गेम घ्या. आफ्रिकेतल्या एका निनावी देशात दोन सशस्त्र टोळ्या भांडताहेत, दोन्ही तितक्याच नीच. पण तिथे आपण दोघांकडूनही पैसे घेणारे भाडोत्री आहोत. बंदूक गंजते, ऐन वेळी अडकते, मलेरियाने नजर अंधारते, आणि त्या सडण्याचा आपणही भाग आहोत हे गेम विसरू देत नाही. तिथे ‘दोघेही सारखेच’ हा निष्कर्ष कमावलेला आहे, कारण भांडण मालक आणि गुलाम यांच्यातलं नाही. ‘डिसऑनर्ड’ तर ‘इन्फिनिट’च्या जेमतेम सहा महिने आधी, ऑक्टोबर 2012मध्ये आला. तिथे जितकी प्रेतं पाडाल तितके शहरात उंदीर आणि रोगी वाढतात, लहान राजकन्या एमिलीची चित्रं काळवंडतात, आणि आपल्याला होडीतून नेणारा सॅम्युएल शेवटी आपला तिटकारा करतो. कुणालाही न मारता तो गेम पूर्ण करता येतो. खेळाडूच्या हाताने काय केलं, ते कथा लक्षात ठेवते. म्हणजे हे जमत नव्हतं असं नाही. ‘इन्फिनिट’ने ते करायचंच टाळलं.

आणि परीक्षकांनी ते का चालवून घेतलं? कारण गेमचं परीक्षण वर्षानुवर्षं खणाखणांत होत आलं: ग्राफिक्स, साउंड, गेमप्ले, स्टोरी. प्रत्येक खणाला वेगळे गुण, मग बेरीज. ‘स्टोरी’च्या खणात त्यांनी कटसीन, ध्वनिमुद्रणं आणि धक्कादायक शेवट टाकला. मधले तासन् तास ज्या माणसांवर गोळ्या झाडल्या ती ‘गेमप्ले’च्या खणात गेली. म्हणून कुणाला प्रश्नच पडला नाही. टीका करणारे तेव्हाही होते, पण गुणांच्या गजरात त्यांचा आवाज बुडाला. शूटरमध्ये कथा घडते ती मुख्यतः नेम धरलेल्या डोळ्यापुढे. पात्रं काय बोलली याच्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्व आपण कुणाला मारलं, का मारलं आणि त्यानंतर त्या जगात काय बदललं याला आहे. हे तीन प्रश्न न विचारता कथेला गुण देणारा परीक्षक पुठ्ठ्यावरचं चित्र बघून गुण देतो आहे. आणि या गेमच्या पुठ्ठ्यावर तरी काय होतं? एकटा बुकर, खांद्यावर बंदूक. एलिझाबेथला तिथे जागा नव्हती.

मराठीत यावर लिहायची मला निकड वाटते, कारण ‘दोन्ही बाजू सारख्याच’ हा डाव आपल्याला नवा नाही. 1873 साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. 1972 साली मुंबईत उभ्या राहिलेल्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिलं. डेझी फिट्झरॉयच्या लोकांशी या भाषेचं नातं इतकं जुनं आहे. दबलेला माणूस उठला की पहिल्याच दिवशी त्याच्या रागाचा पंचनामा करायचा आणि त्याला राग आणणाऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची हिंसा ‘व्यवस्था’ म्हणून सोडून द्यायची, हे आपण आपल्या गावांत आणि वर्तमानपत्रांत पाहिलं आहे. तीच लबाडी उत्तम प्रकाशयोजनेत आणि सुरेल संगीतात गुंडाळून आली म्हणून मराठी गेमरने तिला कलाकृती समजावं, हे मला मान्य नाही. आज आपल्याकडची कितीतरी मुलं कादंबरीच्या आधी गेममधून गोष्ट ऐकतात. अन्यायाबद्दलची त्यांची पहिली समजूत तिथेच घडत असेल, तर त्या गोष्टीला साहित्याचाच निकष लावावा लागेल, तोही न कचरता.

गेम बनवणाऱ्यांना माझं सांगणं आहे: गंभीर विषय हाताळा, जरूर हाताळा, पण मग बंदुकीलाही त्याची किंमत मोजायला लावा. ते जमणार नसेल तर एलियन मारा, झॉम्बी मारा, मी आनंदाने खेळेन. वुंडेड नीच्या मृतांना हात लावू नका. परीक्षण करणाऱ्यांना सांगणं आहे: शेवट किती चक्रावून टाकणारा होता हे नंतर लिहा. आधी हे लिहा की या गेमने शेवटची गोळी कुणावर झाडायला लावली. ‘बायोशॉक इन्फिनिट’ने ती कामगारांवर झाडायला लावली, आणि तसं का करावं लागलं याचं धड एक कारणही दिलं नाही. कथाप्रधान शूटर म्हणून तो नापास आहे.